धनेशाचा झालेला कावळा

वलवण, लोणावळा
१० एप्रिल

अंबाजीराव,

'प्रिय' लिहावं की नुसतंच नाव लिहावं, यात माझी अर्धी सकाळ गेली. शेवटी नुसतं नाव लिहिलं. जो माणूस माझा फोन उचलून "अंबाजी वारला" म्हणतो आणि ठेवून देतो, त्याला प्रिय कसं म्हणायचं?

म्हणून हे पत्र. गेणूच्या जीपमधून पाठवतोय. पाकीट डिंकानं घट्ट चिकटवलंय, कारण गेणूच्या हाती उघडी वस्तू दिली की काय होतं ते आपण दोघांनीही पाहिलं.

झालं ते वाईट झालं. पण माझी बाजू कुणी ऐकून घेतलीच नाही, ती आता ऐका. मार्चमध्ये मी तुमचा एक फोटो काढला होता. तुम्ही तुमच्या बांधावरच्या बेहड्याखाली उभे राहून वर बघताय, आणि तुमच्या डोक्यावरच्या फांदीवर नर धनेश बसलाय, चोचीत उंबराचं फळ. ढोलीत लिंपून बसलेल्या मादीला भरवायला आला होता. फोटो कृष्णधवल केला, मोठा करून घेतला, काचेची फ्रेम केली आणि भेट म्हणून तुमच्या घरी पाठवला. खाली तुमचं नाव आणि फ्रेम पाठवली त्या दिवसाची तारीख. चित्रकार लोक चित्राखाली तारीख घालतातच. तुम्ही त्याच दिवशी मोतीबिंदूच्या ऑपरेशनला तळेगावात दाखल झाला होता, हे मला कोणी सांगितलं होतं का?

चंदनाचा हार मी घातलेला नाही. फ्रेमवाल्यानं घातला. मी जाऊन चांगला तासभर भांडलो. तो म्हणतो, कृष्णधवल फोटो असला आणि खाली नाव-तारीख असली की हार आमच्याकडून फुकट, वडिलांपासूनची पद्धत आहे, आजवर एकाही माणसानं तक्रार केली नाही. अहो, तक्रार करणार कोण?

पुढचं गेणूचं. काच फुटू नये म्हणून त्यानं तुम्हाला, म्हणजे फ्रेमला, पुढच्या सीटवर काचेकडे तोंड करून बसवलं. कान्हे फाट्यापासून तुमच्या वाडीपर्यंत ज्यानं त्यानं हात जोडले. गेणूनं कोणाला काही सांगितलं नाही, तो फक्त मान खाली घालत गेला. "लोकं नमस्कार करत्यात तर मी काय हसू व्हय?" असं मलाच विचारतो.

आणि वरचा पक्षी लोकांना कावळा वाटला, पिंडाला शिवून घास घेऊन चाललाय असं वाटलं, यात माझा काय दोष? धनेशाची चोच केवढी, कावळ्याची केवढी! डोळे नकोत का माणसाला?

असो. मुद्द्याचं लिहितो. मे महिन्यात ती मादी ढोली फोडून बाहेर येईल. तो क्षण मी तीन वर्षं चुकवलाय. पहिल्या वर्षी लेन्स बिघडली, दुसऱ्या वर्षी कंबर, गेल्या वर्षी मेहुणीच्या मुलीचं लग्न. जूनमध्ये लोणावळ्यात माझं प्रदर्शन आहे, त्यात एक खिळा मी त्या फोटोसाठी रिकामा ठेवलाय. आणि आता ऐकतो की तुम्ही बांधावर काटेरी फांद्या टाकून मला बंदी घातलीत. एका हारापायी एवढं? विचार करा.

श्रीपाद


उंबरवाडी, आंदर मावळ
१६ एप्रिल

सायबास अंबाजीचा जित्तेपनीचा रामराम.

(मी अनिता, आबांची सून. आबा सांगतायत आणि मी लिहितेय. शुद्ध करायचं नाही, बोलतो तसंच लिही असं बजावलंय. शिव्या तेवढ्या मी गाळल्यात.)

सायेब, तुमाला बांधाचं पडलंय. माजं आयका. सकाळच्या पारी डागदरनं डोळ्याची पट्टी काडली. म्हनला, बाबा, आता समदं लख्ख दिसंल. दिसलं की! माजा ल्योक स्वराज, त्याचा फोन दवाखान्यात बंद पडल्याला, मला घिऊन निगाला, कान्हे फाट्याव गाडी वळली, आन ह्या नव्या डोळ्याला पयलंच दर्सन कशाचं झालं? माज्याच फ्लेक्सचं. भावपूर्ण श्रद्धांजली! येवडा मोटा. पोरांनी रातोरात छापून आनला. खाली शोकाकुल म्हनून आमच्या भावकीतल्या दत्तोबाचा फोटू, त्यो माज्यापरीस मोटा.

पर येक सांगतो. फ्लेक्स रंगीत व्हता. शर्यतीच्या दिसाचा फोटू घातलाय, गुलाबी फेटा, कपाळाला गुलाल. काय झ्याक दिसत व्हतो! मेलेला अंबाजी पोरांनी रंगीत छापला, आन जित्ता अंबाजी तुमी काळा केला. ह्येला काय म्हनायचं?

घरी गेलो तर दारात मानसंच मानसं. आमची कस्तुरा आत रडत व्हती. "लय गुनाचा व्हता गं, कदी वर तोंड करून बोलला न्हाई गं." आता इतकी वर्सं संसार केला, ह्यातलं येक अक्षर म्या आयकलेलं न्हाई. म्हनून जरा दाराभाईर हुबाच ऱ्हायलो. म्हनलं आजून काय म्हनती बगू. (आई म्हणतात, हे पत्रात लिहायची गरज नव्हती.) मग शेजारची सरूबाई भाईर आली, काळा गॉगल घातलेला मी बगितला, आन जी बोंब ठोकली! कस्तुरानं हातातला तांब्या फेकून मारला. नेम चुकला न्हाई.

आन दत्तोबा. त्यानं डोस्कं भादरून घेतलं. मिशीसकट! दहावं न्हाई, मयत न्हाई, मानूस आजून दवाखान्यात, आन ह्यो न्हाव्यापुढं जाऊन बसला. धा गावात त्याच्या मिशीचं नाव व्हतं. आता त्यो मलाच म्हनतो, तू मेला न्हाईस तर माज्या मिशीचं काय? आता मी काय मरू का त्याच्या मिशीपायी?

कावळ्याचं म्हनाल तर समद्यांनी आपल्या डोळ्यांनी बगितला. काळा कुळकुळीत. म्हातारीकोतारी म्हनली, चला, लगीच शिवला, अंबाजीची काई इच्छा मागं ऱ्हायली न्हाई. न्हाई कशी? लय ऱ्हायल्यात! पयली ही, की माज्या बांधावर तुमचा पाय लागू द्यायचा न्हाई.

अंबाजी

(ता.क. फ्रेम गोठ्यात उलटी करून ठेवलीय. हार आईंनी चुलीत घातला, वास छान आला. — अनिता)


वलवण
१९ एप्रिल

अंबाजीराव,

पत्र मिळालं. सरोजिनीनं, म्हणजे आमच्या हिनं, मोठ्यानं वाचलं आणि तांब्याच्या जागी आल्यावर तिला पुढचं वाचवेना. हसून हसून डोळ्याला पदर लावून बसली. मी मात्र हसलो नाही. मला राग आलाय, आणि तो मी आता स्वच्छ लिहितो.

रंग म्हणजे काय असतो हो? नुसता गोंगाट! पुण्याच्या कार्यशाळेत आमच्या सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, रंग काढून टाका म्हणजे उरतं ते खरं. त्या दिवसापासून मी एकही फोटो रंगीत ठेवलेला नाही. लोक हसतात, हसू देत. हिरव्यागार हरियालाचा फोटो काढायला मी तीन पहाटे भिजत काढल्या. आमच्या पक्षीवाल्यांच्या ग्रुपवर टाकला तर एकानं विचारलं, "सर, हे आमच्या सोसायटीतलं कबूतर तुमच्याकडे कसं आलं?" खंड्या टाकला तर म्हणे फोनचा डिस्प्ले तपासून घ्या. मोराचा पिसारा बघून ही म्हणाली, आपली जुनी चादर अशीच होती. आणि धनेशाच्या वेळी तर कहर. "अहो, तो मुळातच राखी असतो ना? मग तुम्ही दोन तास कॉम्प्युटरपाशी बसून केलंत काय?"

काय केलं! आता हे कसं समजवायचं? प्रत्येक रंगाची एक वेगळी पट्टी असते, ती इकडे सरकवली की तो रंग उजळतो, तिकडे सरकवली की गडद होतो. आकाश किती काळं करायचं, पान किती पांढरं ठेवायचं, सगळं हातात असतं. ते काम आहे, चाळा नाही.

आणि हे सगळं जगात एका माणसाला कळत होतं. तुम्हाला! आठवतंय ना? गेल्या दिवाळीनंतर तुमच्या ओट्यावर बसून मी हरियालाचा तोच फोटो दाखवला. तुम्ही डोळ्यापाशी नेऊन निरखून बघितला आणि म्हणालात, "सायेब, आगदी जसंच्या तसं." खंड्या बघून तेच, मोर बघून तेच. मी घरी येऊन हिला सांगितलं, बघ, शाळेत न गेलेला माणूस आहे, पण नजर बघ त्याची! प्रदर्शन भरवायचं ठरवलं ते तुमच्या त्या एका वाक्यावर. नाहीतर या वयात मला कसली हौस होती!

म्हणून तो फोटो पाठवला. ग्रुपवर नाही टाकला, कोणाला दाखवला नाही, पहिला तुम्हाला पाठवला. आणि तुम्हीच म्हणता की काळा केला. दुसरं कोणी म्हणालं असतं तर मी मनावर घेतलं नसतं.

बांधाचं तुम्ही ठरवा.

श्रीपाद


उंबरवाडी
२७ एप्रिल

सायेब,

तुमचं पत्र अनितानं वाचून दावलं. मग म्या पुन्यांदा वाचाया लावलं. वाईट वाटलं. आता खरं ते सांगतो, रागावू नका.

मी जसंच्या तसं म्हनलो ते खोटं न्हाई. मला तवा तसंच दिसत व्हतं! दोनी डोळ्यांत मोती पिकल्याला. समदं धुरकट. पाखरू म्हंजी सावली, झाड म्हंजी मोटी सावली. कस्तुरानं नवं लुगडं नेसून इचारलं, कसं हाय, तर मी म्हनायचो ब्येस हाय. लाल का हिरवं, द्येवाला ठावं. तुमी फोटू दावला, त्यातबी तसंच. म्हनलं, वा, सायबाचा क्यामेरा म्हंजी आगदी मानसाचा डोळा.

आन ऑपरेशन झालं की वो! घरी येऊन गोठ्यात ती फ्रेम बगितली. म्हनलं, ह्यो कोन राखंत लोळल्याला मानूस? माजा फेटा कुटं ग्येला? गुलाबी फेटा व्हता त्या दिशी माज्या डोक्याव, मुद्दाम बांदला व्हता तुमी फोटू काडनार म्हनून. त्यो राखेच्या रंगाचा झाला. तवा मला राग आला. हाराचा न्हाई, फ्लेक्सचा न्हाई, दत्तोबाच्या मिशीचा तर मुळीच न्हाई. फेट्याचा.

आता सायेब, ह्या डोळ्यानं बगतोय तर पळसाचं फूल बगून रडू आलं मला. कस्तुराच्या कपाळाचं कुकू येवडं लाल असतंय ते मी इसरून ग्येलतो. मग तुमी रंग काडून टाकता म्हंजी काय करता, ते मला आता समजंना. माज्यावानी मोती झाल्याला मानूस ठीक, पर तुमचं डोळं तर शाबूत हाईत!

(आबा, एवढं लागट नको, म्हटलं मी. ते म्हणाले, लिही.)

तरीबी बांध तुमाला मोकळा करतो. पर अट हाय. पाखरू भाईर यील तवा फोटूत मीबी पायजे. गुलाबी फेटा बांदून. रंगीत. आन हललेला. लोकं आजूनबी मला बाजारात बगून पायाकडं बगत्यात, उलटं हाईत का म्हनून. गुमान हुबा ऱ्हायलेला फोटू मेलेल्याचाबी असतो. हललेला असला की जित्ता हाय ह्ये समद्यांला कळंल. बगा, जमतंय का.

अंबाजी

(ता.क. फाट्यावरचा फ्लेक्स आबा उतरवू देत नाहीत. फोटो फार छान आलाय म्हणतात. पोरांनी 'श्रद्धांजली'वर 'वाढदिवसाच्या शुभेच्छा' अशी पट्टी डकवलीय. दत्तोबाकाका अजून शोकाकुलच आहेत, त्यांच्यापुरती पट्टी उरली नाही. — अनिता)


वलवण
५ मे

अंबाजीराव,

चार दिवस मी कॅमेऱ्याला हात लावला नाही. हिनं विचारलं काय झालं, तर पत्र पुढं केलं. मला वाटलं, हसेल. हसली नाही. चहा ठेवला आणि म्हणाली, "अहो, एवढं तोंड पाडून बसू नका. त्याला दिसायला लागलं, हे बरंच झालं ना?"

बरंच झालं. मला कळत नाही का? पण माझं काय झालं ते सांगतो. तुमच्या एका वाक्यावर मी चाळीस फोटो काळे-पांढरे करून भिंतीवर टांगायला निघालो होतो, आणि ते वाक्य निघालं मोतीबिंदूचं! हे मी कोणाला सांगू? हिला सांगितलं तर जन्मभर ऐकवेल. (सांगितलं. ऐकवतेय.)

आता तुमच्या अटी. फेटा चालेल. तुम्ही फोटोत असणं, ठीक. पण हललेला? अंबाजीराव, हललेला फोटो म्हणजे आमच्या धंद्यात नाक कापल्यासारखं. ग्रुपवर त्या सोसायटीच्या कबुतरवाल्याला आयतं कोलीत मिळेल. आणि तुम्ही हललात तर मादी बिचकेल, आणि तिचा नर पुन्हा ढोलीकडे फिरकणार नाही. म्हणून माझी उलट अट अशी, की ती पूर्ण बाहेर येऊन फांदीवर बसेपर्यंत तुम्ही हूं की चूं करायचं नाही. नंतर काय हलायचं ते हला.

रंगाचं मी वचन देत नाही. बघू.

आणि एक राहिलं. धनेशाचा कावळा कसा झाला ते. आकाश नाट्यमय करायच्या नादात मी एक-दोन पट्ट्या जरा जास्तच सरकवल्या होत्या. चोचीवर सावली आली आणि तिचा आकारच हरवला. तसा तो कावळा वाटू शकतो. पण हे पत्र गेणूला वाचून दाखवू नका.

श्रीपाद


उंबरवाडी
१७ मे

काका, सादर नमस्कार.

हे पत्र मी माझ्या मनानं लिहितेय. आबांना ठाऊक नाही. ते दत्तोबाकाकांकडे गेलेत, मिशी किती आली ते बघायला.

दोन गोष्टी आहेत. पहिली, ढोलीचं लिंपण आतून फुटायला लागलंय. चोच बाहेर दिसते. आबा बेहड्यापासून लांब, गवताच्या गंजीमागं बसून पाळत ठेवतात, शेरडंसुद्धा तिकडे फिरकू देत नाहीत. बांधावरच्या काट्या त्यांनी पहिल्या पत्रानंतरच काढल्या होत्या, तुम्हाला कळवलं नव्हतं एवढंच. तर लगेच निघून या. मुक्कामाची तयारी ठेवा.

दुसरी गोष्ट जरा अवघड आहे. आबांचा दुसरा डोळा राहिलाय. डॉक्टर म्हणाले, पूर्ण पिकलाय, आता लांबणीवर टाकू नका, नाहीतर गुंतागुंत होईल. तारीख मिळत होती, आबांनी नाही म्हणून सांगितलं. आईंनी विचारलं, यांनी विचारलं, कोणाला दाद देत नाहीत. काल मी खोदून विचारलं तेव्हा म्हणाले, "ह्यो डोळाबी केला तर सायबाचे फोटू कोन बगनार? त्येंचं मन मोडलंय. ते आले की मी चांगला डोळा झाकून ह्या डोळ्यानं बगीन, आन जसंच्या तसं म्हनीन. खोटं बोलनं व्हनार न्हाई."

मला हसावं की रडावं कळेना. काका, आबा आमचं ऐकणार नाहीत. तुमचंच ऐकतील. पण मी सांगितलं असं सांगू नका.

आपली,
अनिता


वलवण
४ जून

प्रिय अंबाजीराव,

या वेळी 'प्रिय' लिहायला वेळ लागला नाही.

तुम्ही मला निरोप देताना दहादा विचारलंत, "फोटू आला का?" आणि मी दहादा "बघतो" म्हणालो. कारण त्या क्षणी माझं डोकं सणकलं होतं. आता शांत झालोय, म्हणून सविस्तर लिहितो.

तीन वर्षं वाट बघितली. त्या दिवशी गवताच्या गंजीमागं आपण दोघं पालथे पडलेले, मुंग्या चावतायत, तुम्ही गुलाबी फेटा पोत्यानं झाकून घेतलेला. लिंपण ढासळलं, आधी चोच, मग मान, मग ती अख्खी बाहेर. पिसं विस्कटलेली, बाळंतिणीसारखी थकलेली. फांदीवर जाऊन बसली. माझं बोट बटणावर. आणि तेवढ्यात तुम्ही! ठरल्याप्रमाणे ती बसेपर्यंत थांबलात हे मान्य. पण बसल्याबरोबर पोतं फेकून, दोन्ही हात वर करून, "आली! आली बाई भाईर!" म्हणत थेट माझ्या कॅमेऱ्यासमोरून धावलात! बटण दाबलं गेलं. ती उडाली, तुम्ही नाचत राहिलात, आणि तो शहाणा नर मागाहून उंबर घेऊन आला आणि बायको कुठं गेली म्हणून ढोलीत डोकावत बसला. एकच फोटो आला. एकच.

घरी येऊन मी आधी काय केलं असेल? कॉम्प्युटर लावला आणि रंग काढून टाकला. सवय आहे ती. आणि बघतो तर तुम्ही नाहीत! अहो, खरंच नाहीत. फेट्याचा गुलाबी आणि मागच्या पानांचा हिरवा, दोन्ही एकाच राखी रंगाचे झाले. अंग खोडात मिसळलं. त्यात तुम्ही हललेले. नुसता बेहडा दिसतोय आणि त्यावर एक पक्षी. या पट्ट्या सरकवल्या, त्या सरकवल्या, रात्री जेवायला उठलो नाही. तुम्ही काही परत येईनात.

हिनं मागून येऊन बघितलं. म्हणाली, "मारलंत ना पुन्हा त्याला?"

दुसऱ्यांदा तुम्हाला घालवायचा मला धीर झाला नाही. रंग परत आणला. आणि काय सांगू अंबाजीराव, ती फांदीवर बसलेली मादी अगदी स्वच्छ, एकेक पीस मोजावं अशी, आणि तिच्या खालून तो गुलाबी फेटा फरफटत गेलेला. धनेशाच्या डोळ्यात लालसर कड असते हे मी तीन वर्षं बघत होतो आणि एकाही फोटोत ठेवली नव्हती. बराच वेळ बघत बसलो.

काल प्रदर्शन लागलं. एकोणचाळीस काळे-पांढरे आणि रिकाम्या खिळ्यावर हा एक. लोक बाकीच्यांवरून भराभर पुढं सरकतात आणि याच्यापाशी थांबून हसतात. कबुतरवाला आला होता. त्यानं विचारलं, "सर, हे कोण?" म्हटलं, हे अंबाजीराव, आमचे मित्र, जिवंत आहेत.

आता माझं एक ऐकायचं. दुसऱ्या डोळ्याची तारीख मी घेतलीय. अठरा तारीख, सकाळी लवकर. स्वराजला त्रास नको, मी स्वतः येतो न्यायला आणि रात्री तिथंच तुमच्यापाशी थांबतो. कोणी मला काही सांगितलेलं नाही, मी आपला अंदाज केला. माझ्या फोटोंसाठी डोळा राखून ठेवायची गरज नाही. झाकून बघितलेलं कौतुक मला नको. पहिल्या वेळी ते खरं वाटलं होतं म्हणून गोड लागलं. आता मला ठाऊक झालंय, आता ते घशाखाली उतरायचं नाही. आणि खरं सांगू? मला तुमच्या कौतुकाची फार सवय झाली होती, ती सुटताना त्रास होतोय. होऊ दे. तुमचा डोळा जायला नको.

या फोटोची आणखी एक प्रत फ्रेम करून घेतलीय. खाली नाव नाही, तारीख नाही. फ्रेमवाला सवयीनं हार उचलायला वळला, म्हणून पॅकिंग होईपर्यंत मी दुकानातून हललो नाही. गेणूकडे देत नाही, दवाखान्यात माझ्याजवळ ठेवीन. पट्टी निघाली की फाट्यापर्यंत जायच्या आधी हा फोटो बघा, दोन्ही डोळ्यांनी. आणि बघून जे वाटेल ते बोला. या वेळी "जसंच्या तसं" म्हणालात, तर मी ते खरं मानीन.

तुमचा,
श्रीपाद